तेरावा भाग

बाबांनी शिवलं होतं ते जनावर.
ट्रकच्या ट्यूबा, काथ्या, जुनी ताडपत्री,
डोळ्यांभोवती कुकरच्या रिंगा.
आत शिरायला जोमा मढवी,
कारण दिवागावच्या खाडीत बुडी मारली
की तो दीड मिनिट वर येत नसे,
आणि पाठीची चेन एकदा लागल्यावर
त्या रबरात हवा जवळजवळ नव्हतीच.

शूटिंग तुर्भ्याला, बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यात.
मालाची लिफ्ट हेच कालयान.
जाळी खर्रकन ओढली की साल बदलायचं.
प्रवासी दोघं: एक विसराळू प्रोफेसर
आणि एक धीट मुलगी, जी खरी बँकेत होती
आणि शनिवारी अर्धी रजा टाकून यायची.
बाहेर पाऊल टाकण्याआधी विचारायची,
"कुठलं साल?"

गोष्ट अशी की एका जत्रेवाल्याकडे पेटी आहे.
भिंगाला डोळा लावला की आत दिसतात
कुठल्या कुठल्या काळांतून उचलून आणलेले जीव.
प्रत्येकाला एकच दुपार दिलेली.
ती संपली की पुन्हा तीच.
त्यांना कळत नाही.
लोक पैसे देतात ते त्याचेच.

मी नऊ वर्षांची. माझं काम एवढंच:
कट झालं की टेबलफॅन जनावराच्या तोंडाशी धरायचा
आणि नाकपुडीतून नळी सारून कोकम पाजायचं.
आतून आवाज यायचा, "थंड हाय गो. आजून."
रविवारी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर तेच जनावर डरकाळी फोडायचं,
पोरं पलंगाखाली शिरायची,
आणि मला वाटायचं, याला तहान लागलीय.

तेराव्या भागात पेटी उघडते.
तो शेवटच्या दिवशी केला, खाडीकडच्या फाटकाशी.
जोमाकाकानं दहा पावलं चालायचं होतं.
दहा झाली. पेठेसाहेब कट म्हणाले.
तो चालत राहिला
कांदळवनात, गुडघाभर चिखलात,
बाबा मागून ओरडत होते, अरे ट्यूब फाटेल,
आणि कॅमेरा बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

ती टेप पुसली.
टेपा महाग होत्या. तिच्यावर कुणाची तरी मुलाखत घेतली,
भातावरच्या खोडकिड्याबद्दल.
म्हणजे बारावा संपला तिथंच आहेत सगळे.
जत्रेवाला धोतराच्या सोग्यानं भिंग पुसतोय. आत दुपार.

परवा गेले होते ऐरोलीला.
मिठागर गेलं, शेत गेलं,
साडेबारा टक्क्यांत प्लॉट आला, प्लॉटवर बिल्डर आला,
आणि जोमाकाका आठव्या मजल्यावर, ग्रिलच्या आत.
सून म्हणाली, चार वर्षं झाली, रोज तेच.
तीनला खुर्ची खिडकीशी, मग जाळ्याची सुई मागतात
(जाळं नाही, सुई जपून ठेवलीय),
मग विचारतात, भरती कवा?
सांगितलं की गप्प. थोड्या वेळानं पुन्हा तीन वाजतात.

मला ओळखलं नाही.
पिशवीतून कोकमाची बाटली काढली, नळी लावली.
दोन घोट. "थंड हाय गो."
मग बराच वेळ माझ्या हाताकडे बघून,
"तेरावा लागला का?"

लागला म्हणाले असते तर खोटं,
नाही म्हणाले असते तर ते खरं असूनही कुणाच्या कामाचं नव्हतं.
म्हटलं, चला.

या लिफ्टला जाळी नाही. तरी त्यांनी हवेतच हात ओढला
आणि तोंडानं आवाज काढला, खर्रर्र.
सात. पाच.
आरशात स्वतःला पाहून जरा दचकले.
तळमजला.
दार सरकलं. पार्किंग, पाण्याचा टँकर,
आणि भिंतीपलीकडून ओहोटीचा वास.

"कंचा साल?"

मी सांगितलं नाही.
ते मोजत निघाले. माझा हात सुटला
की मीच सोडला, आठवत नाही.
आठ, नऊ,
वॉचमन खुर्चीतून अर्धा उठला,
दहा,

अकरा.