उपसा

टाल्केनं दार उघडलं आणि पाठमोरी वळली.
"वरच्या खोलीत आहे सगळं. मोजा आणि न्या.
घासाघीस मला जमत नाही."

डोलार्टच्या बांधाला टेकलेलं घर.
पत्रपेटीवर अजून नाव: वुब्बो हायकेन्स.
खिडकीच्या उंचीला कालवा,
आणि कालव्याच्याही वर
(मी इथलीच, तरी मला हे कधी पटलं नाही)
समुद्र.

मी जुन्या तबकड्या घेते.
व्हॅन आहे, पाठदुखी आहे,
ग्रोनिंगनला मासळीबाजारामागं अरुंद दुकान आहे.
मेलेल्यांच्या घरी मी आधी वास घेते,
बुरशी असेल तर निम्मा भाव.
इथं वास होता ग्रीसचा.

डाव्या भिंतीला पुस्तकं. एकाच मुलखाची,
आणि मुलूख तरी केवढा,
सायकलवरून जेवणाआधी संपेल एवढा.
कोणता बांध कोणत्या साली फुटला,
कोणत्या मठाची शेतं कोणत्या भरतीनं नेली,
खारावलेल्या जमिनीत पहिलं पीक कशाचं आलं.
घड्यांवर फाटलेले नकाशे मागून चिकटपट्टीनं सांधलेले,
बुडालेल्या गावांपुढं पेन्सिलीच्या बारीक फुल्या.
आमच्या धंद्यात याला डाग म्हणतात.

उजव्या भिंतीला सॅक्सोफोन.
टेनर बहुतेक, बॅरिटोन थोडे, आल्टो एकही नाही.
जाड पुठ्ठ्याची पाकिटं, निळसर फोटो,
घामेजलेली कपाळं, बोटांत विसरलेली सिगारेट.
पहिल्या छपाईच्या सात.
मी मनात आकडा केला
आणि चेहऱ्यावर येऊ दिला नाही.

मग एका पुस्तकाच्या समासात:
"दुसरी बाजू, तिसरी चीज, चार मिनिटं दहा."
शेजारच्या ओळीत एक गाव एका रात्रीत जातं,
चर्चसकट, चाळीस गायींसकट.

तबकडी त्या सातांतलीच. लावली.
चार मिनिटं दहा.
काही नाही. म्हणजे, वाजवणारा श्वास घेतो.
ड्रम थांबलेला, बासवाला पायरी चुकल्यासारखा,
आणि एक माणूस तोंडानं हवा ओढतो,
लांब, ओली, जराशी घाईची.
सुई पुन्हा ठेवली. पुन्हा तेच.

टाल्के जिन्यात उभी.
"बाबा उपसा केंद्रावर होते. रात्रपाळी, एकतीस वर्षं.
डिझेलचा पंप एकाच सुरात घुमायचा,
त्या सुराशी भांडणार नाही तेवढंच ते विकत घ्यायचे.
आल्टो भांडतो, म्हणायचे.
दुकानात डोळे मिटून पंपासारखे हुंकारत उभे राहायचे.
मला मेली लाज वाटायची.
मी बाहेर सायकलींपाशी थांबायचे."

"आणि ही गावं?"
"एक रात्र पंप थांबला तर काय, त्याची यादी.
निदान मला तरी तसंच सांगायचे."
ती हसली नाही.
"शहाऐंशीत विजेचा पंप आला. जमिनीखाली बसवला, मुका.
त्यानंतर एकही तबकडी नाही. बघा हवं तर."

मी बघितलं. सवय.
शेवटच्या पाकिटावर किमतीची चिठ्ठी तशीच,
खोबणीत धूळसुद्धा शिरलेली नाही.

"ती मघाची," टाल्के म्हणाली, "परत लावा."
लावली. ती खिडकीकडं तोंड करून उभी राहिली
आणि थोड्या वेळानं तिच्या घशातून आवाज निघू लागला.
गाणं नव्हे ते. एकच जाड सूर, खर्जातला,
न हलणारा, न सजणारा.
सॅक्सोफोन त्यावर येऊन बसला
खुंटावर बगळा बसावा तसा.

चार मिनिटं दहाला ती थांबली नाही.
त्यानं श्वास घेतला, तेवढा वेळ
खोली तिनं कोरडी ठेवली.

पुस्तकं कुणी घेत नाही, मी घेतली.
पावतीवर लिहिलं:
पहिल्या छपाईच्या, सहा.