हुकावरची चिंधी

चौदा वर्षं मी दुपारचं पाणी प्यायले नाही.
एकशे नव्वद पायऱ्या उतरायच्या
आणि पुन्हा चढायच्या, तर कोण पिणार?

आता तळमजल्यावरच्या खोलीत बसते.
चाकांची खुर्ची, पाच पडदे, दोन दांडे,
आणि क्रेन तिकडे नदीपल्याड,
चोंगचिंगच्या धुक्यात, रिकाम्या केबिनची.
शेजारी शाओहांग, वय बावीस,
वर कधी गेलाच नाही.
"किती सोपंय, नाही लुओताई?"
सोपंच आहे. गुडघे तर दुवा देतात.
गरम पाण्याचा थर्मास टेबलावर,
तीन वाजले तरी हात झाकणावरच थबकतो.

पण ओझं उचललं की
अख्खा मनोरा जरासा वाकायचा,
बसल्या जागी तळपायांना कळायचं:
दोन टन, की अडीच.
इथं कोपऱ्यात आकडा उजळतो.
खरा असतो. नेहमीच.
तळपाय मात्र गप्प.

परवा वारं सुटलं.
यंत्र म्हणालं, मर्यादेत आहे.
सळयांचा भारा पडद्यावर निमूट लोंबत होता
आणि मी खुर्चीतच कललेली, डावीकडे.
शाओहांग हसला. हसू दे.

आज साइटवरच्या तानला फोन केला,
"हुकाला एक लाल चिंधी बांध."
"कशाला? सेन्सर आहेत की."
"बांध रे."

बांधली. शिवी हासडून बांधली.
तिसऱ्या पडद्यावर, धुक्यात,
बोटभर लाल काहीतरी फडफडतंय.
मी पाणी ओतून घेतलं.
शाओहांगची खुर्ची
हळूच माझ्या पडद्याकडे सरकली.