गुलाबी औषध

माझं मेडिकल वडसा रस्त्यावर.
मंडईच्या दिवसांत रात्री दोनपर्यंत उघडं,
शटर अर्धं खाली.
त्याखालून वाकून येणारे पाय
मी चेहऱ्याआधी ओळखतो.

डोमाजी नेवाऱ्याचे पाय म्हणजे रबरी चपला,
उजवीचा अंगठा तारेनं बांधलेला.
नाटकाचा दुसरा अंक संपला की यायचा.
"दे गा ते गुलाबी."
उभ्यानंच दोन घोट,
मिशीवर खडूसारखी रेघ,
आणि लगेच परत ऑर्गनवर,
तिसऱ्या अंकातल्या मरणाला सूर द्यायला.

नऊ हंगाम.
वहीत माझं अक्षर: बाटली एक. बाटली एक.
पट्टी एक, उधार.

आधी म्हणायचा, जेवलं का आग विझते.
म्हणून खिशात मुरमुरे,
दोन कडव्यांच्या मध्ये चिमूट तोंडात.
मग एका वर्षी म्हणाला,
"आता जेवलं का पेटते गा."
मी म्हणालो, मग गोळी बदलून देतो.
एवढंच वाक्य.
अजून ते जिभेच्या मुळाशी
न विरघळलेल्या गोळीसारखं सापडतं.

पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं नवं भोक
मी पाहिलं होतं.
त्याच्या पुढचंही.
झिंग्यांच्या चटणीचा वास नको म्हणाला,
तेव्हा मी हसलो होतो.

नागपूरला नेलं त्याच्या पोरीनं, छबितानं.
मीही गेलो,
कारण डॉक्टरीणबाईंनी आधीच्या औषधांची यादी मागवली होती
आणि ती यादी म्हणजे मीच.

नळी आत गेली.
पडद्यावर ओलं, लालसर, घड्याघड्यांचं पोट,
एका वळणावर खड्डा,
बुडाशी पांढरा, कडा उचललेल्या.
कडेवरून सहा कण काढले, तिळाएवढे.

आठवड्यानं कागद आला.
मी विचारलं, अल्सरचाच ट्यूमर झाला का?
विचारणं दुकानदाराचंच होतं:
कोणत्या तारखेला, कितव्या बाटलीनंतर.
त्या म्हणाल्या, असं सरळ नसतं.
एक जंतू असतो, बहुधा लहानपणीच पोटात आलेला,
वर्षानुवर्षं अस्तर भाजत राहतो.
कुणाला त्यातून नुसती जखम होते,
बहुतेकांची तेवढीच राहते.
कुणाच्या अस्तराची जातच बदलत जाते.
आणि कधी कधी
गाठच जखमेचं सोंग घेऊन बसलेली असते.
गोळ्यांनी तीही भरून येते. वरून.

वरून.

डोमाजी बाकड्यावर ऐकत होता.
धानाच्या बांधीत वाढलेला माणूस.
म्हणाला, "धुऱ्याले भोक पडलं का
आपण चिखल थापतो. पाणी थांबते.
पण खेकडा कोठी जाते गा?"
कोणी काही बोललं नाही.
छबिता फाइलची नाडी
बांधत राहिली, सोडत राहिली.

अर्ध्याहून जास्त पोट काढलं.
आता दर दोन तासांनी बशीभर पेज.
"अर्धं पोट, अर्धी बिदागी," म्हणतो,
आणि मांडीवरच बोटं चालवतो,
काळी पट्टी, पांढरी पट्टी.
पुढचं डॉक्टरीणबाई नक्की सांगत नाहीत.
तो विचारतही नाही.
माझ्या वहीतली त्याची उधारी
मी खोडली नाही. खोडली तर
हिशेब मिटल्यासारखा दिसेल.

परवा रात्री एक पोरगं शटरखालून आलं.
"काका, गुलाबी द्या. खलनायकासाठी."
विचारलं, किती दिवसांपासून दुखतंय त्याचं?
"मले का मालूम? लवकर द्या ना,
अंक सुरू होऊन राहिला."
दूर ऑर्गन वाजू लागला,
नव्या माणसाचा, जरा घाईचा.
पोरगं हात पसरून उभं.
बाटली माझ्या मुठीत, थंड.

मी शटर पूर्ण वर केलं,
दिवा तसाच ठेवला,
चपला शोधल्या.
"चल, मीच येतो.
त्याचा पट्टा पाहायचा आहे मला."