कानाखालचा आवाज

पाटोद्याच्या वरच्या माळावर
आम्ही काळे पाइप अंथरले, चार ठिकाणी,
भोकाभोकांचे, कोळ्याच्या पायांसारखे फाकलेले.
मधोमध एक डबी. डबीत हवेचा दाब ओळखणारा
कांद्याच्या सालीएवढा पडदा.
खालच्या वस्तीवरून माणसं बघायला आली.
"ठिबक हाय का?"
ठिबकच वाटावं असं. फक्त
पाणी नाही, झाड नाही,
खडकाच्या फटीतून थोडं कुसळ.
"मग लावलंय काय?"
मी म्हणालो, समुद्र.
ते जरा थांबले, मग चहाला बसले.

राखणीला मुंजाजी.
बावीस वर्षं खडी क्रशरवर.
सुरुंगांनी आधी डावा कान नेला, मग उजवा.
ओठ बघून बोलतो, नाहीतर लिहून द्यावं लागतं.
मी वहीत लिहिलं:
दूर समुद्रात समोरासमोरून आलेल्या लाटा
एकमेकींवर चढतात, तेव्हा हवेला धक्का बसतो.
पाच सेकंदांत एक. फार जाड, फार हळू.
आपल्या ऐकण्याच्याही खालचा.
कानाखालचा आवाज.

वाचून इतका हसला की बिडी विझली.
"कानाखालचा आवाज
मुकादमानं काढला हुता, पहिल्याच हप्त्याला.
त्यो कामून नाही नोंदवला कुनी?"

मग गंभीर होऊन:
"तुमाला येतो का ह्यो ऐकू?"
नाही.
"पुन्याच्या म्याडमला?"
नाही.
"कुत्र्याला?"
त्यालाही नाही. कबुतराला येतो म्हणतात, थोडा.
त्यानं माळभर नजर फिरवली
आणि स्वतःला न कळणाऱ्या मोठ्या आवाजात म्हणाला,
"मंजी हितं समदे माझ्याच रांगेत."

हवामानाचे फुगे तिशीच्या आसपास फुटतात,
तीस किलोमीटर. त्याच्या वर,
जिथं कुणी जात नाही,
तिथून तो आवाज वाकून खाली येतो
पाव्हण्यासारखा, वाटेतली माती पायाला लावून:
थंडी किती, वारा कुठला, जोर केवढा.
आम्ही समुद्र ऐकत नाही खरं तर.
त्याचे पाय बघतो.

पावसाळाभर तो पूर्वेकडून आला, बंगालच्या बाजूनं.
अरबी समुद्र जवळचा, खवळलेला,
तरी वरचा वारा त्याला या बाजूला येऊ देईना.
मुंजाजी रोज सकाळी स्क्रीनवरचा बाण
वहीत उतरवून घ्यायचा. एक रेघ, एक टोक.

घट उठून आठवडा झाला असेल.
एका रात्रीत टोक फिरलं.
पन्नास किलोमीटर उंचीवर
अख्खा वारा कूस बदलून पश्चिमेचा झाला
आणि खाली
वीतभर ज्वारीचं पान हललं नाही.
त्यानं मला फोन लावला. ऐकू येत नसताना लावला,
एवढंच बोलून ठेवला:
"सोयरे बदलले. आता कोकनाकडचे यायलेत."

जानेवारीत सायाळीनं एक पाइप कुरतडला.
तीन दिवसांची रेघ कोरी.
अहवालात मी लिहिलं, माहिती उपलब्ध नाही.
मुंजाजीच्या वहीत त्याच तारखांपुढं
वाकड्या अक्षरात:
आला आसंल. आमीच नव्हतो.
आणि त्याखाली,
पाइप जोडायच्या क्लिपा सात,
रुपये एकशे पाच.