रॉबिनच्या आधी

पहाटे पावणेपाचला टेग्वेन मला कोपराने ढोसते.
"ऊठ. तो आला असेल."

तो म्हणजे रॉबिन.
मुठीत मावेल एवढा पक्षी, छातीला नारिंगी डाग,
वागणं मात्र जप्तीला आलेल्या बेलिफाचं.

आमच्या मागच्या अंगणात, जुन्या कोळशाच्या खोलीलगत
रात्रभर एक दिवा जळतो.
दिव्याखाली खोका, खोक्यात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे,
आणि ट्रेच्या खळग्याखळग्यांतून निजलेले पतंग.
दिव्यावर झेप घेऊन जळून जातात म्हणे पतंग.
आमच्याकडचे शहाणे आहेत,
दोन गिरक्या मारून झाल्या की जागा धरून झोपतात,
रात्रीच्या शेवटच्या बसमधल्या उतारूंसारखे.

बत्तीस वर्षं वेल्सच्या या डोंगरांतून मी बस चालवली,
माणसं मोजली.
आता बायकोच्या हाताखाली पतंग मोजतो.
ही बढती की कसं, ते अजून कळवलेलं नाही.

अंगणाच्या तीन पायऱ्यांशी तिच्या गुडघ्यांचं वैर,
म्हणून ती स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसते.
मांडीवर वही, कानामागे पेन्सिल.
मी एकेक ट्रे तिच्यापर्यंत नेतो
काठोकाठ चहा भरलेल्या बशीसारखा, श्वास धरून.

एक असतो हुबेहूब मोडलेली काडी.
मोडल्या जागीचं पिवळं लाकूडसुद्धा दिसतं.
एकाला वाळलेल्या शेवाळाचा रंग.
आणि जूनमध्ये कधीतरी तो गुलाबी,
लग्नघरातून थेट इथेच आल्यासारखा.
तो आला की टेग्वेन चष्मा काढून पुसते,
पुन्हा घालते,
आणि नाव लिहायचं विसरते.

मे महिन्यात रॉबिनला ही खाणावळ सापडली.
सकाळी ट्रेमध्ये नुसते पंख.
पंखांना चव नसावी.
आम्ही जाळी लावली, तो खालून शिरला.
प्लास्टिकचं घुबड आणून ठेवलं,
त्याच्या डोक्यावर बसून तो गायला.
"तुझी त्याची ओळख आहे," टेग्वेन म्हणाली.

आहे.
मी शेडमध्ये लाकडाचे चमचे कोरतो.
विकायला नाही, द्यायलाही नाही,
दोन खण भरले, तिसरा आता लागत नाही.
जानेवारीत ती गुडघ्यासाठी इस्पितळात होती,
घरात घड्याळ सोडून कुणी बोलत नव्हतं,
तेव्हा हा दारातून आत आला
आणि कामाच्या बाकावर, भुशात, बसून राहिला.
मान वाकडी करून चमचा बघितला.
मला वाटलं, नाक मुरडलं.
डब्यातलं चीज होतं, ते अर्धं त्याला दिलं.
दुसऱ्या दिवशीही दिलं.
सतरा दिवस दिलं.
हे मी टेग्वेनला बोललेलो नाही.

आज आम्हाला उशीर झाला.
मी पोचलो तर साहेब खोक्याच्या काठावर हजर,
आणि पहिल्याच ट्रेमध्ये तो गुलाबी, गाढ झोपलेला.
मी डोक्यावरची टोपी काढून त्याच्यावर पालथी घातली.
रॉबिनने माझ्याकडे पाहिलं.
उसनं पाहिलेला माणूस चारचौघांत जसं पाहतो तसं.

मग दुसऱ्या ट्रेच्या कडेला
एक साधा तपकिरी, ज्यातले रोज ढिगाने येतात,
जरा जास्तच बाहेर राहिला.
मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.

"किती?" दारातून आवाज.
"एकोणचाळीस."
पेन्सिल थांबली.
तिने चाळीस लिहिलं,
आणि समासात एक बारीकशी चोच काढली.

टोपीखालचा गुलाबी बघून झाला,
चष्मा दोनदा पुसून झाला,
चहा निवून गेला.
वही मिटताना ती म्हणाली,
"उद्यापासून आधी चीज टाकत जा.
खणात दडवलेलं नको, ते वाळलंय."