चौऱ्याण्णव

अवधानला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात
कांकरियाशेठनं लायसन उलटंपालटं केलं.
"हेवी आहे, बॅज आहे, ठीक.
पण आधी तुझं रेकॉर्ड काढून आण.
विमावाले हल्ली खोदून विचारतात,
मुलीच्या बापानं विचारावं तसं."

म्हणून देवपुरात, निंबाच्या झेरॉक्सच्या दुकानात,
लाकडी बाकावर.
माझ्यापुढे एक सातबारावाला, एक बाई,
तिच्या आधारवर माहेरचंच नाव राहिलेलं.
ओटीपी येईना. स्क्रीनवर चकरी फिरत होती
आणि मी मनात उजळणी करत होतो
काय काय निघेल.

हिलाल भटू महाले.
नाव बरोबर. जन्मतारीख मास्तरनं लावलेली, एक जून.
मग खाली लाल अक्षरं.

पारोळा चौफुली, विना हेल्मेट, पाचशे.
खरं आहे. फोटोत हँडलला वांग्यांची पिशवीही दिसते,
भरिताची, हिरवी, देठासकट.

नंदुरबार, चुकीचं पार्किंग.
नंदुरबारला मी उभ्या जन्मात गाडी नेली नाही.
फोटोत कुणाची तरी बुलेट;
यंत्रानं तीनाचा आठ वाचला.
"तक्रार टाकू," निंबा म्हणाला, "त्याचे पन्नास वेगळे."

तिसरं.
सोनगीरजवळ, रात्री दोन वाजून सतरा मिनिटं.
पिकअप. मर्यादा ऐंशी, वेग चौऱ्याण्णव.
फोटोत नंबरप्लेट आणि दोन दिवे.
काचेआड नुसता काळोख.

काळोखात रज्जाक उस्ताद होते.
मागे शिरपूरहून भरलेली केळी.
याच माणसानं मला सहा महिने फक्त काचा पुसायला लावल्या,
मग एका दुपारी लळिंगच्या घाटात म्हणाले, बस इथं,
काट्याकडे बघू नको, गाडी आवाजानं बोलते.
त्या रात्री छातीवर मूठ दाबून
मान माझ्या खांद्याकडे कललेली, तरी म्हणत होते,
"धीरे चाल भो, केया दाबाई जातीन."

मी ऐकलं.
ऐकायचीच सवय होती.

"चौदानं गेली बघ," निंबा म्हणाला. "दोन हजार."

चौदानं जास्त.
आणि मी दोन वर्षं अंथरुणात उताणा पडून
त्याच रस्त्यावर पाय दाबतो आहे,
शंभर, एकशे दहा, नगावबारीचा उतार, पांझरेचा पूल,
सिव्हिलच्या गेटापर्यंत,
डॉक्टरनं सहज बोलून टाकलेल्या
त्या दहा मिनिटांच्या मागे.
काटा चौऱ्याण्णववरून हलत नाही.

"लोकअदालतीपर्यंत थांब, अर्ध्यात मिटेल."
भरून टाक म्हटलं.
पावती रंगीत काढ, फोटोसकट.
"दंडाची पावती रंगीत कोण काढतं रे?"
मी वीस रुपये जास्तीचे ठेवले काउंटरवर.

शेठनं चष्मा कपाळावर सरकवला,
बोट कागदावरून खाली आलं, थांबलं.
"हे चौऱ्याण्णव कशाचं?"
केळी होती, शेठ.
"नाजूक माल होता, मग तर हळू चालवायची."
हो म्हणालो.
त्यांनी टेबलावरून किल्ली सरकवली.

संध्याकाळी पहिली खेप, इंदूर.
क्लीनर साक्रीकडचा, मिशी नुकती फुटलेली.
चढला तसा काच पुसायला लागला, आतून.
बाहेरून, म्हटलं. आधी बाहेरून.

सोनगीरच्या कॅमेऱ्याखालून गेलो
तेव्हा काटा कुठं होता, पाहिलं नाही.
पोरगा म्हणाला, "उस्ताद, गाणं लावू का?"
थांब म्हटलं थोडं.
ऐकू दे.