फलकासाठी प्रत्येकी पाच ओळी

सोमवारपर्यंत द्या, म्हटलं होतं मी.
आपली पद्धत, साध्या शब्दांत, पाच ओळी.
आज गुरुवार.
नदीपलीकडच्या बेटांवर गवत पेटलंय,
रोसारिओभर धूर, खिडक्या बंद,
आणि मी टंकत बसलेय
चौघांची माणसं सावरण्याची रीत,
एका हातानं,
दुसऱ्या हाताचं बोट काल दारात चेमटलं.

ब्रुनेत्तीबाई लिहितात : विचारांची नोंद, पुरावा,
टप्प्याटप्प्यानं सामोरं जाणं.
स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी.
एका ट्रकवाल्याला त्यांनी रकान्यांची वही दिली होती.
त्यानं भरले नुसते किलोमीटर.
बाई रागावल्या नाहीत, आकडे जुळवत बसल्या,
तेव्हा उमगलं, हा गडी व्हिक्टोरियाचा पूल टाळायला
दर खेपेला सांता फेवरून वळसा घालतो,
डिझेल पदरचं.
मग एका शनिवारी बाई स्वतःच चढल्या ट्रकमध्ये,
मांडीवर पर्स, पर्समध्ये दोन सँडविच.
पुलाच्या मध्यावर काय बोलणं झालं, त्यांचं त्यांना ठाऊक.
फलकावर येईल एवढंच : टप्प्याटप्प्यानं.

इतुराल्दे डॉक्टरांचं वाक्य
पूर्णविरामाला पोचतच नाही.
सार असं, की ते ऐकतात.
त्यांच्या कोचाची स्प्रिंग कुरकुरायची,
खिशातले पैसे घालून दुरुस्त करून घेतली.
अकरा वर्षं येणाऱ्या एक बाई
आडव्या झाल्या आणि ताडकन उठल्या :
आवाज कुठे गेला?
(भिंती पातळ आहेत. मी ऐकत नाही, ऐकू येतं.)
तीन आठवडे त्या आवाजाबद्दलच बोलल्या,
चौथ्या आठवड्यात
वडिलांच्या खाटेबद्दल.
डॉक्टर बाहेर आले, येर्बाचा कडू काढा ओढला नळीनं,
म्हणाले, नेलिदा, सुतार स्वस्तात पडला.

सुलेमानं एकच शब्द दिलाय : खेळ.
बाकी चार ओळी कोऱ्या ठेव म्हणाली.
तिच्या खोलीत वाळूची पेटी आहे,
नदीची वाळू, दर महिन्याला मीच चाळते.
मार्चमध्ये एका पोरानं
तिच्या डाव्या कोपऱ्यात चमचा पुरला.
तेव्हापासून मला ताकीद : तो कोपरा सोडून.
एकदा चाळणी चुकून लागली त्याला, टण्णकन,
आणि मी चोरी करताना सापडल्यासारखी
इकडेतिकडे पाहिलं.
जुलै संपत आला. चमचा आहे तिथेच.
पोर येतं, त्या जागेवर तळवा ठेवतं,
मग गाड्या खेळतं.

गास्पार नवा आहे. त्यानं चार मसुदे दिले.
पहिल्यात ‘बरं करतो’,
दुसऱ्यात ‘मदत करतो’,
तिसऱ्यात ‘सोबत करतो’, तेही खोडलेलं,
चौथ्यात नुसतं नाव आणि खोलीचा नंबर.
परवा तो स्वयंपाकघरात नळ सोडून उभा होता,
भांडं एकही नव्हतं धुवायला.
मी नळ तसाच वाहू दिला, पाण्याचं बिल माझ्याकडे येत नाही.
फलकासाठी मी त्याचा तिसरा मसुदा घेतला.
विचारलं नाही.

चार कागद, आठ टाचण्या.
थोडे तिरपे लागले.

साडेचारला एक माणूस आला,
बुटांना पीठ, बेकरीतला असावा.
टोपी काखेत धरून त्यानं सगळं वाचलं,
ओळीखाली बोट सरकवत, इतुराल्देंच्या वाक्यात दोनदा मागे जाऊन,
सुलेमाच्या कोऱ्या जागेपाशीही
तेवढाच वेळ थांबून.
मग काउंटरपाशी आला.
म्हणाला, माझी बस साडेसहाची.
त्याआधी कोण आहे?

मी वही उघडली, पेन्सिल शोधली,
नाव विचारलं.
त्यानं आधी एक सांगितलं.
मी लिहिलं.
तो बघत राहिला लिहिलेल्या अक्षरांकडे,
मग हळू आवाजात
दुसरं सांगितलं, खरं.